तळ्याखाली काय आहे?

'माउंटन बायकिंग' म्हटलं की पब्लिकच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला पक्कं ठाऊक आहे. हिमालयातली एखादी खिंड, हेल्मेटवर लावलेला कॅमेरा, दगडांवरून उड्या मारणारा कोणी माथेफिरू आणि शेवटच्या फोटोत प्लास्टर घातलेला पाय. "फ्रान्समध्ये तीन दिवस माउंटन बायकिंग केलं" असं मी हॉस्टेलवर जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं! म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. आम्ही जिथे सायकली चालवल्या तिथे माउंटन नावाची चीज औषधालाही नाही. तिथला सगळ्यात मोठा चढ आपल्या कात्रजच्या घाटासमोर ठेवला तर घाट त्याला स्पीडब्रेकर म्हणेल. हिरवीगार कुरणं, ओक आणि चेस्टनटची झाडं, मधूनच एखादं तळं, तळ्यापलीकडे गोल बुरुजांचा किल्ला आणि या सगळ्याकडे ढुंकूनही न बघता चरणाऱ्या तांबड्या गाई. कॅलेंडरवाल्यांनी यावं, फोटो काढावा आणि जावं.

मग यात लिहिण्यासारखं काय, असं तुम्ही विचाराल. तेच तर सांगायचं आहे.

२०२५ च्या जून-जुलैमध्ये मी लिमोजला होते. मध्य फ्रान्सच्या थोडं पश्चिमेला असलेलं हे शहर चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. १७६८ साली तिथून जवळच केओलिन ही पांढरी माती सापडली आणि गावाचं नशीब पालटलं. आजही तिथे सिरॅमिक्सवर बरंच संशोधन चालतं. अशाच एका लॅबमध्ये आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली होती. काम काय, तर सिरॅमिकचे तुकडे तापवायचे, गार करायचे आणि मायक्रोस्कोपखाली त्यांचे तडे मोजायचे. आपल्या जर्नल कंप्लिशनइतकंच रोमांचक!

लॅबमधले दोघं पीएचडीवाले दर उन्हाळ्यात सायकली घेऊन भटकतात. त्यांनी विचारलं, येणार का? मी म्हटलं, माउंटन बाइक कधी चालवली नाही. त्यावर उत्तर आलं, "इथे माउंटन कुठे आहे?" बरोबर माझ्या घरमालकीणबाईही निघाल्या. वय बासष्ट. मी त्यांना 'मादाम' म्हणायचे. पहिल्याच चढावर मादाम मला मागे टाकून गेल्या आणि वर थांबून त्यांनी पर्समधून जर्दाळू काढून खाल्ला. माझा इगो तिथेच उतरला. त्यामुळे पुढचे तीन दिवस सोपे गेले.

फ्रेंच लोक माउंटन बाइकला 'व्हेटेटे' म्हणतात. व्हे, टे, टे, म्हणजे 'कुठल्याही जमिनीवर चालणारी सायकल' या शब्दांची आद्याक्षरं. मला हे नाव जास्त प्रामाणिक वाटतं. जाड टायर, पुढच्या चाकाला सस्पेन्शन, भरपूर गिअर. डांबरी रस्ता सोडून शेतांच्या मधून, कुंपणाच्या दाट झाडोऱ्यातून, शतकानुशतकं बैलगाड्यांनी झिजून खोल गेलेल्या वाटांवरून ही सायकल आरामात जाते. वाटांवर खुणा असतात. एक त्रिकोण आणि दोन गोल, म्हणजे सायकलचंच चित्र. खुणेचा रंग हिरवा असला तर सोपी वाट, मग निळा, लाल आणि शेवटी काळा. आम्ही हिरव्या-निळ्याच्या पुढे गेलो नाही. पाणी संपलं तर काय करायचं, तर गावाची स्मशानभूमी गाठायची. तिथे फुलांना पाणी घालायला नळ असतोच. पहिल्यांदा मला कसंसंच झालं. दुसऱ्या दिवशी मात्र लांबून चर्चचा मनोरा दिसला की "चला, नळ आला" असं मीच ओरडायला लागले.

आमचा मुक्काम रोशश्वार नावाच्या गावात होता, लिमोजपासून चाळीसेक किलोमीटरवर. टेकडीच्या टोकावर किल्ला, खाली दरीत दोन छोट्या नद्या. पीळदार खांबांचं चौकोनी अंगण, एका दालनात सोळाव्या शतकातली शिकारीची भित्तिचित्रं, आणि गंमत म्हणजे १९८५ पासून याच किल्ल्यात समकालीन कलेचं संग्रहालय आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे लहानपणी 'किल्ला' म्हटलं की शिवनेरीच्या आधी मला गोष्टीच्या पुस्तकातला टोकदार छपरांचा कॅसल दिसायचा. तो इथे चक्क समोर होता. मी फोटो काढत सुटले. तेवढ्यात पीएचडीवाल्यांपैकी एकाने भिंतीतल्या दगडावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "किल्ला नंतर बघ. आधी हा दगड बघ."

दगड विचित्रच होता. एकसंध नाही. करड्या-हिरवट लगद्यात वेगवेगळ्या दगडांचे टोकेरी तुकडे रुतवल्यासारखा, जणू कोणी चिक्की थापली आहे. अशाच दगडाची शेजारची घरं, असंच चर्च. हा दगड कुठून आला, याचं उत्तर ऐकून मी पायरीवरच बसले.

सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी इथे एक अशनी आदळला. त्याचा व्यास अंदाजे दीड किलोमीटर असावा, आणि वेग सेकंदाला वीसेक किलोमीटर. जमिनीवर वीस किलोमीटरहून मोठा खड्डा पडला. दगड फुटले, वितळले, उडाले, पुन्हा खाली पडून एकमेकांना चिकटले. तीच ही चिक्की. गावकऱ्यांना खाणीतून दगड हवा होता, तो त्यांनी काढला आणि भिंती बांधल्या. अनेक वर्षं शास्त्रज्ञसुद्धा याला ज्वालामुखीचं काम समजत होते. १९६० च्या दशकात फ्रान्स्वा क्राउट या भूशास्त्रज्ञाने इथल्या क्वार्ट्झच्या कणांमध्ये बारीक समांतर रेघा दाखवल्या. अशा रेघा प्रचंड धक्क्यानेच उमटतात, ज्वालामुखीला ते जमत नाही. तेव्हा कुठे कोडं सुटलं. महिनाभर मायक्रोस्कोपखाली तडेच मोजत बसलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट किती भिडली असेल, विचार करा!

"पण मग खड्डा कुठे आहे?" मी विचारलं. आपल्याकडे लोणार आहे की! शाळेच्या सहलीला मी गेले होते. पावणेदोन किलोमीटरचं ते गोल विवर काठावर उभं राहिलं की एका नजरेत भरतं. खाली खारं पाणी, कडेला जुनी देवळं. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा तर सगळ्या देशाने बघितलं. रोशश्वारचा खड्डा त्याच्या दहापटीहून रुंद. मग तो दिसत कसा नाही?

"तू त्याच्यातच उभी आहेस," तो म्हणाला.

वीस कोटी वर्षांत पाऊस, वारा आणि नद्यांनी त्याच्या कडा झिजवून टाकल्या. काठ नाही, खोलगटपणा नाही, तळाचे थोडे दगड तेवढे उरले. आता तिथे गाई चरतात. लोणार त्यामानाने कालचं पोर आहे, म्हणून त्याचा चेहरा अजून शाबूत आहे. 'मवाळ चढ-उतार' म्हणून ज्या प्रदेशाचं आपण कौतुक करतो, तो एकेकाळी काय सोसून बसला आहे हे सायकलच्या सीटवरून कधीच कळलं नसतं.

पहिल्या दिवशी आम्ही पश्चिमेला गेलो. वाटेत शासनों हे गाव. (नाव ऐकून मला जीआर आठवला.) इथे रोमन काळातली स्नानगृहं आहेत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. गरम पाण्याच्या खोल्या, जमिनीखालून गरम हवा फिरवायची सोय, सगळी व्यवस्था बघून आपल्या हीट ट्रान्स्फरच्या सरांना अश्रू आवरले नसते. आणि भिंतींना दगड? तोच, अशनीची चिक्की. रोमनांना पत्ताही नव्हता की आपण आकाशातून पडलेल्या संकटाच्या आत बसून आंघोळ करतोय.

तिथून पुढे लाव्हो तलाव. दुपार कलत होती, म्हणजे घड्याळात संध्याकाळचे सात. तिथे त्या दिवसांत सूर्य पावणेदहाच्या सुमाराला मावळतो. पाणी इतकं स्थिर की झाडं दुप्पट दिसत होती. काठाकाठाने मातीची वाट, मुळांवरून उड्या मारत जाणारी. मध्ये एक बगळा, तोही फोटोसाठी उभा राहिल्यासारखा. लहान मुलं पाण्यात डुंबत होती. मी सायकल आडवी टाकली आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धडाधड दहा फोटो पाठवले.

भारतात तेव्हा मध्यरात्र जवळ आलेली. तरी पाच मिनिटांत आजीचा फोन! माझी आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिला झोप कमी आहे. मला वाटलं 'छान गं' म्हणेल, 'जेवलीस का' विचारेल. ती म्हणाली, "तळं देवानं केलेलं आहे का माणसानं?"

मी म्हटलं, "थांब, विचारते." मादामना विचारलं. माणसानं. शारांत नदीवर १९८९ साली बांध घालून हा तलाव केला. उन्हाळ्यात नदीचं पाणी फार आटू नये, खालच्या भागातल्या शेतांना मिळावं, म्हणून. शेजारचा मास-शाबां तलाव २००० सालचा, तोही त्याचसाठी.

आजी क्षणभर गप्प. मग म्हणाली, "मग त्याच्याखाली काय होतं, ते पण विचार."

आता इथे थोडं थांबून घरचं सांगायला हवं. आजीचं माहेर इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी होतं. 'होतं' हे मुद्दाम लिहिलं. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. आजीचं त्यातलंच एक. पणजोबा-पणजींना नव्या जागी पुनर्वसनात घर मिळालं, पण आजी तिथे कधी 'माहेरी जाते' असं म्हणाली नाही. 'आईकडे जाऊन येते' म्हणायची. आता उजनीच्या पाणलोटावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, पुण्याहून लोक मोठमोठ्या लेन्स घेऊन भिगवणला जातात. पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, त्याचेही फोटो पेपरात छापून येतात. आम्ही घरातले सगळे एकदा रोहित बघायला गेलो होतो. आजी गाडीतून उतरली नाही. पाय दुखतात म्हणाली. मी तेव्हा सहावीत होते. मला ते खरंच पायांचं वाटलं होतं.

मी मादामना विचारलं, तळ्याखाली काय होतं? मला वाटलं होतं त्या खांदे उडवतील. पण त्यांचं बालपण याच पट्ट्यात गेलेलं. त्यांनी सायकल झाडाला टेकवली आणि हाताने दाखवायला लागल्या. तिकडे कुरण होतं, त्याला झाडांचं कुंपण. तिकडून ओढ्यासारखी शारांत वाहायची. नदीचा उगमच जवळ, शेरोनाक गावात, त्यामुळे इथे ती अगदी लहान. उडी मारून पलीकडे जाता यायचं. पलीकडे ओलसर जमीन, तिथे बेडूक. फार काही नव्हतं म्हणाल्या. "पण मला ते आठवतं," असंही म्हणाल्या. मी ते सगळं फोनवर मराठीत आजीला सांगितलं. दोघी बायका, एक फ्रान्समध्ये आणि एक पुण्यात, मध्ये मी दुभाषी. आजीने विचारलं, "तिला वाईट वाटतं का?" मादाम म्हणाल्या, "पाणी सुंदर आहे. नातवंडं इथेच पोहायला शिकली. पण कधीकधी वाटतं." हे आजीला सांगितल्यावर ती म्हणाली, "बरोबर आहे तिचं," आणि फोन ठेवला. रोमिंगचं बिल वाढेल म्हणून!

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला निघालो. सँ-मात्यूचं छोटं तळं, मग दूर्नाझाकजवळ मोंब्रंचा किल्ला. पाण्यात पाय सोडून बसल्यासारखे त्याचे गोल बुरुज, मधोमध चौकोनी जुना मनोरा. आम्ही बाहेरूनच बघितला. मग चेस्टनटच्या दाट जंगलातून शालूस. या भागात चेस्टनटच्या कोवळ्या फांद्या चिरून पिंपांना घालायच्या पट्ट्या करणारे कारागीर असायचे. त्यांचं काम जंगलातच, झोपडीत बसून चाले.

शालूसचं नाव इतिहासात आहे ते एका बाणामुळे. इंग्लंडचा राजा रिचर्ड, 'लायनहार्ट' म्हणून प्रसिद्ध असलेला, आमच्या सिस्टरनी रॉबिनहूडच्या गोष्टीत शिकवलेला, २६ मार्च ११९९ रोजी या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. किल्ला किरकोळ, आत मूठभर माणसं. त्यांच्यातला एक जण म्हणे तव्याची ढाल करून तटावर उभा होता. त्याच्या धनुष्यातून सुटलेला बाण राजाच्या खांद्यात घुसला. जखम चिघळली आणि ६ एप्रिलला राजा मेला. मोठमोठ्या लढाया जिंकलेला माणूस, आणि हा शेवट. किल्ल्यातला गोल मनोरा अजून उभा आहे, वर गवत उगवलेलं, आत पारवे.

या मनोऱ्यासमोर मला आणखी एक पाहुणा कळला. टी. ई. लॉरेन्स, म्हणजे पुढे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला. १९०८ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डचा हा विद्यार्थी आपल्या प्रबंधासाठी फ्रान्समधले किल्ले बघत सायकलवरून फिरत होता. शालूसलाही येऊन गेला. त्याच उन्हाळ्यात तो वीस वर्षांचा झाला. माझंही वय तेवढंच. पठ्ठ्याकडे ना सस्पेन्शन, ना गूगल मॅप. 'प्रोजेक्टसाठी साइट व्हिजिट' याला म्हणतात, नाहीतर आपण! शेजारच्या कंपनीच्या गेटवर फोटो काढून रिपोर्टात चिकटवतो.

परतताना एका गावाची पाटी दिसली. 'ओरादूर'. मी ब्रेक दाबला. हे नाव मी लिमोजला आल्यापासून ऐकत होते, हलक्या आवाजात. मादाम म्हणाल्या, "हे नाही. हे ओरादूर-स्यूर-व्हेर. ते दुसरं." मग जरा वेळाने म्हणाल्या, "उद्या ते दुसरं बघू. इथपर्यंत येऊन तू ते न बघता जाऊ नये."

तिसऱ्या दिवशी उत्तरेला, पंचवीसेक किलोमीटर. वाट आधीसारखीच देखणी. ग्लान नदी, काठावर गवत, सकाळचं धुकं. आणि मग ओरादूर-स्यूर-ग्लान.

१० जून १९४४ च्या दुपारी जर्मन वाफेन-एसएसच्या तुकडीने या गावाला वेढा घातला. पुरुषांना कोठारांत नेऊन गोळ्या घातल्या. बायका-मुलांना चर्चमध्ये कोंडून मारलं, गावाला आग लावली. एकूण ६४३ माणसं. नंतर द गॉल इथे आले, आणि ठरलं की हे गाव पुन्हा बांधायचं नाही. जसं आहे तसं ठेवायचं. नवं गाव शेजारी वसवलं. जुन्या गावाच्या प्रवेशाशी एकच वाक्य आहे, 'आठवण ठेव' या अर्थाचं.

आम्ही सायकली बाहेर लावल्या आणि चालत आत गेलो. बोलायचं नसतं. रस्त्यात ट्रामचे रूळ आहेत, वर तारा आहेत. घरांना छपरं नाहीत. भिंतींच्या आत गंजलेली शिवणयंत्रं, स्वयंपाकाची भांडी, एक मोटार. आणि सायकली. गंजून काळ्या झालेल्या सायकलींचे सांगाडे. मी तिथून पुढे जाऊ शकले नाही. कारण आदल्या रात्री वाचलं होतं की मारले गेलेल्यांमध्ये सहा जण या गावचे नव्हतेच. ते सायकलवरून गावातून चालले होते. बस्स, एवढंच. कुठूनतरी कुठेतरी, आमच्यासारखे.

रोबेर एब्रास हे त्या दिवशी वाचलेल्यांपैकी शेवटचे हयात साक्षीदार. ते २०२३ च्या फेब्रुवारीत वारले. आता त्या दुपारी तिथे असलेलं, डोळ्यांनी बघितलेलं असं कोणी सांगायला उरलं नाही. भिंती उरल्या. आणि भिंतीही आपोआप उरत नाहीत. पाऊस पडतो, गवत उगवतं, चुना सुटतो. पडकं घर पडकंच राहावं म्हणून त्याची डागडुजी करावी लागते, पैसे लागतात, माणसं लागतात. सिव्हिलच्या मित्रांनो, इमारत उभी कशी ठेवायची हे तुम्हाला शिकवतात. अवशेष तसाच्या तसा कसा टिकवायचा, हा पेपर जास्त अवघड आहे.

परतीच्या वाटेवर कोणी फारसं बोललं नाही. वाट तशीच हिरवी, तीच तांबडी गाय, तोच बगळा असावा. मला सारखं वाटत होतं, या एका पंचवीस-तीस किलोमीटरच्या पट्ट्यात तीन प्रकारचं विसरणं-आठवणं आहे. अशनीचा खड्डा निसर्गाने पुसून टाकला, आणि कोणा एकाने क्वार्ट्झच्या कणात रेघा बघितल्या म्हणून तो परत सापडला. ओरादूर पुसलं जाऊ नये म्हणून माणसं वर्षानुवर्षं राबतात. आणि लाव्हो तलावाखालचं कुरण? त्याला ना पाटी, ना संग्रहालय. ते मादामच्या डोक्यात आहे. त्यांनी हाताने दाखवलं तेवढंच.

कोणाला वाटेल, धरणाची आणि कत्तलीची तुलना करते की काय ही! नाही. ओरादूरला जे झालं तो गुन्हा होता. धरणं गरजेपोटी होतात. उजनीच्या पाण्यावर सोलापूर जगतं, ऊस उभा राहतो, आणि उद्या मला नोकरी लागली तर कदाचित अशाच कुठल्यातरी प्रकल्पावर लागेल. पण गरज होती म्हणून खाली काही नव्हतं असं होत नाही. आपल्याला सिलॅबसमध्ये धरणाची उंची असते, पाणीसाठा असतो, टर्बाइनची एफिशियन्सी असते. 'सबमर्जन्स' हा शब्द एका ओळीत येऊन जातो, किती हेक्टर एवढंच. आजीच्या प्रश्नाला मार्क नसतात.

पुण्याला परत आल्यावर आजीला सगळे फोटो टीव्हीवर लावून दाखवले. किल्ले तिला आवडले. मोंब्रंचे बुरुज बघून "धान्याच्या कणग्या वाटतात" म्हणाली. ओरादूरचे फोटो मी काढले नव्हते, पण सांगितलं सगळं. भांडी, शिवणयंत्रं, सायकली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "गाव तसंच ठेवलंय? कुणाचं घर कुठलं ते कळतं?" मी म्हटलं, हो, बऱ्याच घरांवर नावाच्या पाट्या आहेत, इथे न्हावी होता, इथे बेकरी होती. त्यावर ती स्वतःशीच म्हणाली, "आमच्या आळीत पहिलं घर सोनारांचं."

आणि मग ती बोलायला लागली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जे घरात कोणी ऐकलं नव्हतं ते. सोनारांच्या घरानंतर देऊळ, देवळामागून नदीकडे उतरणारा घाट, त्याला एकोणीस पायऱ्या. आमच्या घराचा दरवाजा पूर्वेला, आत चौक, चौकात तुळस, डाव्या हाताला गोठा. मी धावत जाऊन फर्स्ट इयरला उरलेली ड्रॉइंग शीट आणली, मिनी ड्राफ्टर लावला. (मिनी ड्राफ्टरचा इतका चांगला उपयोग मी तरी आजवर केला नव्हता.) बाबा ऑफिसमधून आले तेव्हा आम्ही दोघी जमिनीवर पसरलो होतो. त्यांनीही ते घर कधी असं ऐकलं नव्हतं. ते बूट न काढताच तिथे बसले.

माप विचारलं की आजी पावलांत सांगते. ओसरी बारा पावलं. मग मी तिला हॉलमध्ये चालायला लावलं, टेपने पाऊल मोजलं. "तेव्हा माझी पावलं मोठी होती," ती म्हणाली. मी थोडं वाढवून घेतलं. स्केल एकास शंभर. टायटल ब्लॉकमध्ये गावाचं नाव लिहिलं, आजीचं माहेरचं आडनाव लिहिलं.

शीट अजून पूर्ण झालेली नाही. विहिरीची जागा तिने आत्तापर्यंत तीनदा बदलायला लावली आहे.